पांघरुणाखालचा पाय

पाय मोडलेल्या माणसाला लोक आधी "फार दुखतंय का?" असं विचारत असतील, अशी माझी भाबडी समजूत होती. तसं काही नसतं. लोक आधी विचारतात, "पण तू तिथे गेलीस कशाला?" वॉटफर्डच्या मावसबहिणीने विचारलं, ऑफिसातल्या झाडून सगळ्यांनी विचारलं, कोल्हापूरहून आईने फोनवर रोज विचारलं. एका नर्सने तर हातात सुई खुपसता खुपसता विचारलं. तेव्हा ते आधी उरकून टाकते.

गेले, कारण मला एका जागी बसवत नाही. पायाला भिंगरी आहे असं आई माझ्याबद्दल मी चालायला लागले तेव्हापासून म्हणत आली आहे. लीड्सच्या कौन्सिलमध्ये मी रस्ते खोदायचे परवाने बघते, म्हणजे आठवडाभर खुर्ची आणि स्क्रीन. शनिवारी-रविवारी त्या खुर्चीचा सूड उगवायचा असतो. कॉलेजात सह्याद्रीत भटकायचे. लग्न होऊन इथे आले तेव्हा वाटलं, संपलं आता, यापुढे फक्त बागेतलं गवत कापायचं. पण सासरी मला नणंद भेटली.

जुई ही माझ्या नवऱ्याची, रोहनची, धाकटी बहीण. लीड्समध्येच जन्मलेली, शाळेत भूगोल शिकवणारी. तिनेच मला स्प्लिटबोर्डवर उभं केलं. स्प्लिटबोर्ड म्हणजे मधोमध उभा चिरलेला स्नोबोर्ड. चढताना त्याच्या दोन फळ्या दोन पायांत घालायच्या, तळाला मागे घसरू न देणाऱ्या केसाळ पट्ट्या चिकटवायच्या, आणि तासन्‌तास चढायचं. माथ्यावर पट्ट्या काढायच्या, फळ्या जोडायच्या, की झाला एक बोर्ड. मग सकाळभर चढलेलं सगळं काही मिनिटांत उतरून टाकायचं. सासऱ्यांच्या मते यासारखा आतबट्ट्याचा व्यवहार नाही. मला मात्र त्यात जे मिळतं ते देवळात मिळत नाही, आणि हे मी सासऱ्यांना सांगितलेलं नाही.

तर गेले ती अशी. आता तुम्ही हे कुठल्याशा पलंगावर पडून, पाय उशीवर ठेवून वाचत असाल, तर तुमच्यासाठी जे सांगायचं आहे त्याच्याकडे वळते.

घळ

मार्चमधला शनिवार होता. स्कॉटलंडच्या केर्नगॉर्म डोंगरात जुई आणि मी उजाडताना गाडीतळावरून निघालो. निघताना दोघींनी छातीवरच्या बीकनच्या डब्या तपासल्या. कोणी बर्फाखाली गाडलं गेलं तर दुसरीला ही डबी टिकटिकत वाट दाखवते. पाठीवर फावडं, घडीची लांब काठी, थर्मासमध्ये आलं घातलेला चहा. हिमस्खलनाबद्दलच्या त्या दिवशीच्या सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की वाऱ्याने साचवलेला बर्फ उंचावरच्या उत्तरेच्या आणि पूर्वेच्या उतारांवर धोक्याचा आहे. म्हणून आम्ही दक्षिणेकडे उतरणारी घळ निवडली होती. अडाणीपणे गेलो नव्हतो, हे मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण पुढे सगळे तसंच धरून चालले.

चढण खडी होती. नागमोडी जायचं, वळणावर एक पाय उचलून उलटा फिरवायचा, मग दुसरा. खाली दरी सरळ दिसत असते. माथ्यावर पोचलो तेव्हा वारा फिरलेला होता. घळीच्या तोंडाशी, खडकाच्या आडोशाला, नवा पांढराधोप थर बसला होता. जुईने त्यात काठी खुपसली, काढली, परत खुपसली.

"वहिनी, आय डोन्ट लव्ह इट."

"वाईट आहे का?"

"बॅड नाही. पण गुड पण नाही. तुला काय वाटतो?"

"तू म्हणशील तसं."

"नो नो, तू म्हणशील तसं."

आमचा नियम साधा होता: दोघींपैकी एक "नको" म्हणाली की परत फिरायचं, कारण विचारायचं नाही. पण लीड्सहून एवढी गाडी हाकत आल्यावर नणंदेचा दिवस भावजयीने कसा मोडायचा? आणि भावजयीचा नणंदेने? दोघींनी एकमेकींची मर्जी राखली. खडकाच्या कडेने, एकेक जायचं ठरलं, आणि मी आधी निघाले.

पहिली वळणं सुरेख गेली. मग वरच्या मजल्यावर कोणीतरी गादी टाकावी तसा धप्प आवाज झाला आणि माझ्या पायाखालचा उतार फरशीसारखा तडकला. अशा वेळी पोहायचे हात मारायचे असतात, हे मला तोंडपाठ होतं. मी हात मारले नाहीत, शिव्या दिल्या, त्याही अस्सल कोल्हापुरी. दोन्ही पाय बोर्डला बांधलेले, बोर्ड खाली खेचतोय, वरून बर्फ लोटतोय. मध्येच उजवा पाय खडकावर आपटला. दुखलं नाही, नुसतं कळलं की आता हा पाय पूर्वीचा राहिलेला नाही.

थांबले तेव्हा काखेपर्यंत गाडली गेले होते. हलता बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. एक हात मोकळा, तोंड मोकळं. वरून हाका येत होत्या, "वहिनी! वहिनी!" त्या एवढ्या उजाड पांढऱ्या डोंगरात ती हाक इतकी घरगुती वाटली की मला रडू फुटलं.

जुईने फावड्याने मला उकरून काढलं. बूट भलत्याच दिशेला वळलेला होता. "किती हर्ट होतंय?" ती विचारत होती, आणि मी काहीच बोलत नव्हते, नुसती अंगठ्याने बोटाची पेरं घासत होते. एरवी माझ्या तोंडाला खळ नसते. जुई नंतर म्हणाली की पायापेक्षा तिला माझ्या त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली.

बचावासाठी आलेले सगळे स्वयंसेवक होते, शनिवार सोडून आलेले. त्यांतल्या एका दाढीवाल्याने स्वतःचा जाडजूड हातमोजा माझ्या हातात चढवला, आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत आपल्या कोंबड्यांची नावं सांगत बसला. आजारपणात लक्षात राहतं ते असलं काहीतरी.

चार

संध्याकाळी ऑपरेशन झालं. नडगीच्या हाडात सळई घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा आणि टोस्ट आला आणि मला वाटलं, चला, निभावलं. सहा आठवडे, तीन महिने, काय लागेल ते लागेल, पण निभावलं.

दुपार व्हायच्या आत रोहन आणि माझे सासरे येऊन पोचले. लीड्सहून अंधारातच निघाले होते.

सासऱ्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णा हाडांचे सर्जन. तरुणपणी सोलापूर सोडून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत यॉर्कशरभर लोकांचे मोडलेले पाय जोडत राहिले. अजूनही लग्नकार्यात पाहुणे हॉलमध्ये शिरताना अण्णा नुसत्या चालीवरून सांगतात, याचा डावा गुडघा गेलाय, हिला खुब्याचं ऑपरेशन लागणार. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच राहतात, आमच्या घरापासून दहा मिनिटांवर.

तर असे अण्णा माझ्या पलंगाशी आले, "काय गं, मोडलास शेवटी!" म्हणाले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग खिडकीपाशी जाऊन गाडीतळाकडे बघत उभे राहिले.

का, ते इंग्रज माणसाला समजावून सांगणं कठीण आहे. हॉस्पिटलचा तो पाठीमागे बांधायचा झगा मांडीपर्यंत वर गेलेला, पाय उघडा. अण्णा दारात दिसले तसं मी पांघरूण ओढून पाय झाकला. नव्या लग्नात साडी सावरावी तितक्या चपळाईने. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं की सासऱ्यांसमोर पाय दिसता कामा नये. माझं सासर असलं काही पाळणारं नाही. पण एवढ्या वर्षांत त्यांच्यासमोर मी शॉर्ट्स घातलेली नाही, आणि मी सोफ्यावर पाय पसरून बसले असले तर खोलीत शिरायच्या आधी अण्णा खाकरतात. असं आमचं चाललेलं असतं, न बोलता.

नर्स तपासायला आली की अण्णा पडद्याबाहेर जायचे. दर वेळी. शेवटी तिने मला हळूच विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना रक्ताची भीती वाटते का?" मी सांगितलं की ते ऑर्थोपेडिक सर्जन आहेत. तिला वाटलं मी गुंगीत बोलतेय.

ती नर्स कामाची होती, चटपटीत होती. बोटांचा रंग बघायची, गरम आहेत ना बघायची, नाडी बघायची. सगळं असायला हवं तसं होतं. मग विचारायची, शून्य ते दहामध्ये दुखणं किती?

आता खरं सांगायचं तर सकाळपासून पायात काहीतरी भयंकर चाललं होतं. कोणीतरी पोटरीत पंपाने हवा भरत होतं आणि थांबतच नव्हतं. औषध दिलं तरी काही फरक नाही. पण पडद्यापलीकडे अण्णा उभे होते. जेवायच्या टेबलावर अण्णांनी किती वेळा रंगवून सांगितलेलं, कोण पेशंट प्लास्टर घालतानाच कसा भोकाड पसरायचा, आणि कोण लॉरी ड्रायव्हर हाड बसवताना हूं की चूं करायचा नाही. मला त्या लॉरी ड्रायव्हरच्या रांगेत बसायचं होतं. शिवाय ऑपरेशन झालंय म्हटल्यावर दुखायचंच, त्याचा एवढा काय बाऊ.

"फोर," मी म्हणाले.

नर्सने लिहून घेतलं. पुढच्या वेळीही चार. रोहनने विचारलं तर त्यालाही, "ठीक आहे रे." मग मी बोलणंच बंद केलं, कारण तोंड उघडलं असतं तर ओरडले असते.

जुई आली ती माझे कपडे पिशवीत घेऊन. रात्र तिने जवळच्या हॉस्टेलमध्ये काढली होती, डोळे सुजलेले. तिने मला एकदा पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"वहिनी, व्हाय आर यू सो क्वायट?"

"दमलेय गं."

"नो. काल बर्फात तू असाच झाली होतीस. सेम फेस. हात बघ तुझी." माझा अंगठा पेरांवर फिरत होता. ती वळली. "अण्णा, तुम्ही पाय बघितला का?"

अण्णा खिडकीपाशीच होते. "त्यांची टीम बघते आहे बेटा. आपण मध्ये पडू नये."

"मी टीम नाही विचारला. तुम्ही बघितला का?"

अण्णांनी हात मागे बांधले. मग अगदी हळू म्हणाले, "अगं, सून आहे ती माझी."

"सो व्हॉट? पाय आहे तो! ब्रोकन पाय!" आणि जुईने माझ्या अंगावरचं पांघरूण एका झटक्यात ओढून फेकलं.

अण्णा वळले. त्यांनी पायाकडे बघितलं मात्र, त्यांच्या चेहऱ्यावरचा सासरा निघून गेला. दोन ढांगांत पलंगाशी आले, पोटरीवर तळहात ठेवला. ती लाकडासारखी टणक झाली होती. मग दोन बोटांत माझा पायाचा अंगठा धरला आणि जरासा, अगदी जरासा, खाली वाकवला.

मी अशी किंचाळले की समोरच्या पलंगावरच्या बाईंच्या हातातला कप पडला.

"नर्स!" अण्णांचा असा आवाज मी कधी ऐकलेला नव्हता. पुढचं सगळं इंग्रजीत, भराभर: रजिस्ट्रारना, ड्यूटीवरच्या सर्जनना बोलवा, आत्ता, नंतर नाही, कंपार्टमेंट सिंड्रोम आहे. रोहन "काय झालं, काय झालं" करत होता. त्याला अण्णांनी हाताने बाजूला सारलं आणि म्हणाले, "वेळ नाही."

उघडा पाय

झालं होतं ते असं. पोटरीतल्या स्नायूंभोवती चिवट आवरणं असतात, ती ताणत नाहीत. मार बसून आत सूज वाढत गेली की दाब एवढा वाढतो की रक्त पोचेनासं होतं, आणि काही तासांत स्नायू मरायला लागतात. नाडी लागते, बोटं गरम असतात, वरून सगळं बरं दिसतं. सुरुवातीला सांगणारी गोष्ट एकच: माणसाला हवं त्यापेक्षा कितीतरी जास्त दुखतं. आणि ते फक्त त्या माणसालाच माहीत असतं. मी "चार" सांगत होते.

कन्सल्टंट, म्हणजे तिथल्या मुख्य सर्जन बाई, उंच होत्या, त्या माझ्याशी बोलायला खुर्ची ओढून बसल्या. पाय दोन्ही बाजूंनी उघडावा लागेल, म्हणाल्या, आणि काही दिवस उघडाच ठेवावा लागेल. मेलेला भाग काढत जावं लागेल. "आम्ही पाय वाचवायचा प्रयत्न करतो आहोत. तो वाचेल असं वचन मी देऊ शकत नाही." सहीसाठी दिलेल्या कागदावर पाय कापण्याचा उल्लेख होताच. मी सही केली. हात स्थिर होता, याचं मला अजून नवल वाटतं.

त्यानंतरचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. एक दिवसाआड ऑपरेशन थिएटर. दर वेळी शुद्धीवर येताना डोळे उघडायच्या आधी माझा हात खाली जायचा, पाय आहे का चाचपायला. पट्ट्या लागल्या की श्वास सोडायचा. ते झालं की दोन दिवसांनी परत तेच.

मला पडून राहता येत नाही हे मी सांगितलंच. आता कुशीवर वळायचीसुद्धा बंदी. डावा पाय सारखा पलंगावर घासत राहायचा, जणू एकट्यानेच कुठेतरी निघालाय. मनाचं तर विचारू नका. ते घळीत जायचं, माथ्यावर जायचं, "तू म्हणशील तसं" पाशी जायचं, तिथून ऑफिसातल्या अर्धवट फायलींवर, तिथून एका पायाने जिना कसा चढतात यावर. मी सगळ्यांवर डाफरत होते. रोहनने पेपर वाचून दाखवला तर आवाज नको व्हायचा, गप्प बसला तर गप्प का बसलास. समोरच्या बाई, ज्यांचा कप मी फोडला होता, त्या अधूनमधून पेपरमिंटची गोळी पाठवायच्या. काही बोलायच्या नाहीत. त्यांचे फार उपकार आहेत माझ्यावर.

भीती वाटली का? वाटली. मरायची नाही. पाय नसलेल्या स्वतःची वाटली. सारखी इकडून तिकडे पळणारी हीच मी. पळणं काढून घेतलं तर खाली काय उरतं ते मला बघायचं नव्हतं.

घरात भांडण लागलं होतं. रोहन बहिणीशी बोलेनासा झाला. एकदा व्हरांड्यात त्याचा आवाज ऐकला, "यू टुक हर देअर, जुई. यू." जुई रडत होती. मी पलंगावरून ओरडले, "मला कोणी नेलं नाही! मी गेले! आणि तिने पांघरूण काढलं नसतं तर आज पाय कुठे असता?" सगळा वॉर्ड माझं मराठी ऐकत होता. रोहन आत आला, खुर्चीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड झाकून म्हणाला, "आय वॉज देअर. मी पण नाही बघितला. मला वाटला, अण्णा आहेत ना." तेव्हा मला कळलं की तो जुईवर रागावलेला नव्हताच.

अखेर एका सकाळी कन्सल्टंट बाई आल्या, उभ्यानेच हसल्या, आणि म्हणाल्या, पाय राहील. नडगीच्या बाजूचा बराच स्नायू गेला होता. पाऊल आपणहून वर उचललं जाईल की नाही ते सांगता येत नव्हतं. मांडीची कातडी काढून जखमेवर लावायची होती. पण पाय राहील. मी त्यांचा हात धरून मोठ्याने रडले. त्यांना बहुधा सवय असावी.

डबा

पुढे मला लीड्सच्या हॉस्पिटलात हलवलं. अण्णांच्या घरापासून बसने चार-पाच थांबे. रोज रोहनच्या हाती डबा यायचा: मऊ भात, मेतकूट, लिंबाचं लोणचं, कधी नुसतं वरण. सासूबाई गेल्यावर अण्णा स्वयंपाक शिकलेत, त्यांच्या हाताला चव आहे. डबा रोज आला. अण्णा एकदाही आले नाहीत.

"काय म्हणतात?" मी रोहनला विचारायचे.

"काही नाही. म्हणतात, मी त्या रूममध्ये होतो."

"मग?"

"मग काही नाही. तेवढंच म्हणतात आणि भांडी घासतात."

मी चिडायचे. मला वाटायचं, आता माझ्या आजारात हे आणखी कोणाला सांभाळत बसायचं? मग रात्री डोळ्यांसमोर ते खिडकीपाशी उभे राहायचे, पाठमोरे, हात मागे बांधून, आणि राग कुठल्या कुठे जायचा. जन्मभर पाय बघितलेल्या माणसाने एकच पाय बघितला नाही, तोही माझा मान राखायला. आणि मी त्यांचा मान राखायला चार म्हणाले. दोघंही किती चांगलं वागलो होतो.

म्हणून पलंगावरच्या वाचकाला एकच सांगते. आकडा विचारला की खरा सांगा. समोर कोण उभं आहे, आपण कसे दिसतोय, हे घरी जाऊन बघता येतं. नऊ असेल तर नऊ म्हणा, ओरडावंसं वाटलं तर ओरडा. आणि तुमच्या माणसाचं काही दुखत असेल, तो गप्प झाला असेल, तर पांघरूण काढा. तो रागावेल. रागावू द्या.

घरी

घरी आले तेव्हा बागेत ट्यूलिप उगवून मानाही टाकून झाले होते. दिवाणखान्यात माझा पलंग मांडला होता. फिजिओ आली, पाऊल हातात घेऊन तिने बघितलं आणि तिला ते आवडलं नाही. वर उचलणारा स्नायू अशक्त, त्यामुळे पाऊल खाली लोंबत होतं आणि टाचेमागची शीर आखडत चालली होती. दिवसातून बऱ्याचदा कोणीतरी तळपायाला हात लावून पाऊल वर दाबायला हवं, ती म्हणाली. चांगला जोर लावून. नाहीतर ते कायमचं असं खाली वळलेलं राहील, आणि मग एवढी मरमर करून वाचवलेल्या पायावर टाच टेकून उभंही राहता यायचं नाही.

रोहनने केलं. पण तो पाऊल धरायचा पाहुण्यांच्या कपबशीसारखं. मी जरा तोंड वाकडं केलं की "सॉरी, सॉरी" म्हणून सोडून द्यायचा. जुई शाळा सुटल्यावर यायची, ती दाबायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची. पुढच्या भेटीत फिजिओने परत मोजलं आणि म्हणाली, आणखी खाली गेलंय. घरात जोर लावणारं दुसरं कोणी नाही का?

मी त्याच दुपारी फोन उचलला.

"अण्णा, माझा पाय आखडतोय. तुम्ही या."

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज आला. मग, "रोहन करतोय ना?"

"त्याच्याने होत नाही. मला दुखेल अशी त्याला भीती वाटते."

"मलाही वाटते," अण्णा म्हणाले.

"तुम्हाला माहीत तरी आहे किती जोर लावायचा ते."

"येतो."

आले. कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला, घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या कोपरापर्यंत वर केल्या आणि स्वयंपाकघरातल्या नळाखाली खूप वेळ हात धुतले. मी सोफ्यावर होते, पाय स्टुलावर, अंगावर शाल. अण्णांनी स्टूल बाजूला केलं, सोफ्याला धरून गुडघे कटकट वाजवत खाली कार्पेटवर बसले, माझ्या पायाशी.

वर्षानुवर्षं पाडव्याला मी ज्यांच्या पाया पडते ते अण्णा माझ्या पायाशी बसलेले. मी पाऊल मागे घेतलं.

"अण्णा, खाली नका ना बसू. कसंतरी वाटतं."

"वर बसून जोर लागत नाही," ते म्हणाले, पण त्यांनीही हात पुढे केला नव्हता. ते शालीकडे बघत होते. वाट बघत होते.

शाल मी काढली. मोजा काढला. पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. नडगीच्या दोन्ही बाजूंना लांब खड्डे, त्यांवर मांडीची जाळीदार कातडी, लालसर, चकाकणारी. मलाच ते अजून बघवत नसे. अण्णांनी चष्मा सारखा केला आणि वरपासून खालपर्यंत सगळं बघितलं, सावकाश.

"काम चांगलं केलंय त्यांनी," ते म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज फुटला. "मी दुपारभर तिथे होतो गं."

"मी झाकून ठेवला होता, अण्णा."

त्यांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. टाच एका तळहातात घेतली, दुसरा तळहात तळपायाला लावला. हात गरम होते, गार पाण्याखाली एवढा वेळ धुऊनही.

"दुखलं की सांग."

त्यांनी दाबलं. कपबशी वगैरे काही नाही. अंगाचा भार टाकून, संथ, न डगमगता दाबलं. शीर ताणली, आणखी ताणली, डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"दुखतंय! अण्णा, दुखतंय, सोडा, सोडा!"

त्यांनी तत्क्षणी सोडलं. दोघांनाही धाप लागली होती. अण्णांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळे नव्हते, कारण ते तसेच पुढे धरलेले होते, रिकामे.

"परत?" त्यांनी विचारलं.

मी पाऊल उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.